कच्चा लिंबू

लहानपणीच्या खेळांत प्रत्येक गल्लीत एक तरी कच्चा लिंबू असतोच. डबा ऐसपैस असो, साखळी असो की लगोरी. कुणाचा तरी धाकटा भाऊ, कुणाकडे तरी सुटीत आलेली मावसबहीण, नाहीतर त्याच आठवड्यात शेजारी राहायला आलेले नवे पोर. त्याला नको म्हटले तर ते रडणार आणि त्याची आई गॅलरीतून ओरडणार. घेतले तर डावाचा विचका होणार. यावर मराठी पोरांनी फार जुना आणि फार सोयीचा तोडगा काढून ठेवला आहे. "घ्या रे त्याला, पण कच्चा लिंबू!" मग तो पळतो, लपतो, सगळ्यांबरोबर ओरडतो. मात्र तो पकडला गेला तरी बाद होत नाही, आणि काहीही झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही.

वरवर पाहता यात केवढा दयाळूपणा आहे! परंतु जो कधी कच्चा लिंबू म्हणून खेळला आहे त्याला विचारून पाहा. पहिला डाव मजेत जातो. दुसऱ्या डावात त्याच्या लक्षात येते की आपल्याला कुणी शोधतच नाही. जिन्याखाली तो बराच वेळ श्वास रोखून बसतो, आणि शेवटी कंटाळून आपणच बाहेर येतो. बाहेर आल्यावरही कुणी "इस्टॉप" म्हणत नाही. खेळात घेतले आहे, पण हिशेबात धरलेले नाही, ही अवस्था त्याला शब्दांत सांगता येत नाही. कळते मात्र पुरती.

हे सारे आठवण्याचे कारण एक खेळ आहे, आणि तोही आपल्याकडचा नव्हे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज त्या खेळाची आणि त्याच्यासारख्या शेकडो खेळांची जगभर मंडळे आहेत. यात सोंगट्या पुढे सरकवून कुणी जिंकत नाही. चारपाच जण गोल करून बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो, त्याच्या बुद्धीने वागतो. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो गोष्टीचे जग सांभाळतो: "तुमच्यासमोर बंद दरवाजा आहे, आतून खोकल्याचा आवाज येतो आहे, काय करता?" दरवाजा फोडायचा, ठोठवायचा की परत फिरायचे, हे खेळाडूंनी ठरवायचे. जमले की नाही हे फासा ठरवतो. फासेही नेहमीचे नसतात. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही असतात.

इंग्रजीत त्या गोष्ट सांभाळणाऱ्याला जे काही म्हणत असतील ते असो, आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो, आणि हा शब्द आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पात्रांच्या हाती लिहिलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि राम, रावण, सीता आपापल्या मनाने भाषणे करीत. कोकणातल्या दशावतारात आजही लिखित संहितेवाचून आख्यान उभे राहते. तेव्हा "तू आता राजा आहेस, बोल" हा आमच्या रक्तातलाच खेळ आहे. फासा तेवढा नवा.

आम्ही खेळतो ते बोरिवलीच्या गोराईत. हे सांगताना थोडा खुलासा करावा लागतो, कारण गोराया दोन आहेत. खाडीच्या पलीकडची ती खरी: धारावी बेटावरचे जुने गाव. (ही धारावी झोपडपट्टीची नव्हे, मनोरी, गोराई आणि उत्तन ज्यावर वसली आहेत ते बेट.) खाडीच्या अलीकडे, १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या योजनेत म्हाडाने लहानलहान भूखंड आखून दिले, लोकांनी ऐपतीप्रमाणे त्यावर घरे उभी केली, आणि या नव्या वस्तीने पलीकडच्या गावाचे नाव घेतले. अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर, रविवारी दुपारी, आमचा डाव बसतो. खेळ टेबलावरचा म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्याकडे टेबल नाही, चटई आहे. खाली यजमान मित्राच्या आईचे, म्हणजे काकूंचे, शिवणाचे मशीन चालू असते आणि चार वाजता पोहे वर येतात.

आमचा सूत्रधार इतिहास घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राक्षस आणि चेटकिणी यांचा त्याला कंटाळा. त्याने आमची गोष्ट रचली ती १७३७ ते १७३९ या काळातल्या वसईच्या मोहिमेवर. चिमाजीअप्पांच्या फौजा पोर्तुगीजांशी लढताहेत, धारावी बेटावरही चकमकी होताहेत, आणि आम्ही चार क्षुल्लक माणसे त्या धुमाळीत निरोप पोहोचवण्याचे काम करतो आहोत. एक बारगीर, एक वैद्य, एक पोर्तुगीज जाणणारा मुनशी आणि एक हेर. हेर मी. बारगीर ज्याचा, तो आमच्यातला सर्वांत बोलका. वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला, मोठ्या मनाचा, आणि दुसऱ्याचे वाक्य आपणच पुरे करण्याची सवय असलेला. आठ महिने त्याने तो बारगीर वाढवला होता. त्या पात्राला जुनी जखम होती, कर्ज होते, एक हट्टी घोडी होती.

या चौघांत पाचवी आली ती पलीकडच्या गोराईची. वर्गात ती माझ्या शेजारी बसते, आणि मीच तिला घेऊन आले. तिच्याबद्दल सांगण्यासारखे तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की ती रोज लाँचने खाडी ओलांडून येते आणि बोलत नाही. मुळातच कमी बोलणारी. त्यात एकदा वर्गात उतारा वाचताना 'पाणी'ला 'पानी' म्हणाली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. तेव्हापासून ती हजेरीपुरतीच तोंड उघडे.

पहिल्या रविवारी सूत्रधाराने विचारले, "तू कोण होतेस?" ती बराच वेळ हातातल्या फाशाच्या बाजू मोजत राहिली. मग म्हणाली, "बोटवाली." झाले. तिच्या पात्राला नाव नाही, पूर्वज नाहीत, सूड नाही. एक होडी आणि वल्हे, बस्स.

पुढच्या दोन रविवारी जे घडले त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. उलट सगळे तिच्याशी फारच चांगले वागत होते. "तू बोटीपाशी थांब हं," बारगीर तिला सांगे, "तिथं धोका नाही." तिची पाळी आली आणि ती क्षणभर थांबली की कुणीतरी लगेच सुचवी, "ती वल्हं मारते, लिही." ती मान हलवी. फासा टाकायचा तर "टाक ग, पडला तर पडला, आपण पुन्हा टाकू" अशी सवलत मिळे. पोह्यांची पहिली बशी तिची. खेळातले शत्रू आमच्या चौघांवर तुटून पडत, पण तिवरांत लपवलेल्या त्या होडीकडे एकही फिरकत नसे. एक कच्चा लिंबू आमच्या चटईवर अत्यंत प्रेमाने बसवला गेला होता.

बोलक्याने मुक्याच्या वतीने बोलावे, ही या खेळातली जुनीच रीत आहे. १९८१ च्या नियमपुस्तकात तर ती लेखी शिफारस म्हणून छापलेली आहे: गटाने आपल्यातला एक जण नेमावा आणि सगळे काय करणार आहेत ते त्यानेच सांगावे. मोठ्या गटात गोंधळ कमी व्हावा म्हणून केलेली ती सोय. परंतु गोंधळ कमी करण्याच्या सगळ्या सोयींची एक खोड असते. त्यांत आधी हळू आवाज बुडतात.

गंमत अशी की या खेळाच्या पणज्याला बोलण्याची फारशी गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी युद्धाचा एक खेळ होता. राइसव्हिट्झ नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे नियम १८२४ साली छापले. त्यात खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत आणि पंच नकाशावर फौजा हलवी. मोठ्या आवाजाचा तिथे काडीचाही उपयोग नव्हता. आजच्या मंडळांतूनही अशा युक्त्या निघतात. २०१३ मध्ये जॉन स्टाव्रोपोलस यांनी एक साधी चाल काढली: मध्ये फुली काढलेले एक कार्ड ठेवायचे. गोष्ट नकोशा वळणावर गेली की कुणीही त्या कार्डाला नुसता हात लावावा. गोष्ट वळवली जाते; कारण विचारले जात नाही. नको म्हणायलासुद्धा ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याच्यासाठी ती सोय आहे.

आमच्या सूत्रधाराने प्रशियाचा मार्ग घेतला. तिसऱ्या रविवारी त्याने जुन्या वहीची पाने फाडून प्रत्येकापुढे चिठ्ठ्या ठेवल्या. महत्त्वाच्या वेळी आधी प्रत्येकाने आपण काय करणार ते लिहायचे, घडी घालून त्याच्याकडे द्यायचे, मग बोलायचे. बारगीर कुरकुरला, "ही काय परीक्षा आहे?" पण त्यानेही लिहिले. तिच्या पहिल्या चिठ्ठीत काय होते ते सूत्रधाराने मोठ्याने वाचले: "सुकती लागली. बोट खोल पाण्यात घेते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या गोष्टीत वारा होता, पाऊस होता, चंद्रही होता. भरती-ओहोटी कुणालाच सुचली नव्हती. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साडेबारा तासांच्या आसपास लागतात, रोज वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते, आणि ओहोटीला ही खाडी अशी चिखलात जाते की होडी जिथल्या तिथे बसते. हे सूत्रधार पुस्तकात वाचू शकला असता. ती ते रोज लाँचमधून बघत होती. सूत्रधाराने वहीत नवा रकाना आखला आणि तिला विचारले, "मग सुकती किती वेळ धरू?" 'ओहोटी' म्हणाला नाही, 'सुकती'च म्हणाला. मला ते आवडले.

तरीही, खरे सांगायचे तर, एवढ्याने ती भिडू झाली नव्हती. माहिती देणारी झाली होती. आपण मुक्या माणसाला खूपदा असाच प्रवेश देतो: त्याच्याजवळ काहीतरी उपयोगी सापडले की. शांत मुलगी एकाएकी खाडीची जाणकार निघाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, गोष्ट संपली, असे झाले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. उपयोगी पडणे वेगळे आणि हिशेबात असणे वेगळे.

पलीकडच्या गोराईतच शांततेचे एक भव्य घर आहे. ग्लोबल विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही, आणि आठ हजारांवर माणसे एकाच वेळी तिथे ध्यानाला बसू शकतात. गोएंकागुरुजींच्या परंपरेतले दहा दिवसांचे शिबिर म्हणजे नऊ दिवस आर्य मौन. दहाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळते. खाडीच्या या काठावरून तो सोनेरी कळस दिसतो तेव्हा मला वाटते, तिथले मौन आणि आमच्या चटईवरचे मौन यांत फरक काय? तिथे सगळेच गप्प असतात, म्हणून कुणीच एकटा गप्प नसतो. आपण होऊन घेतलेले मौन माणसाला भरून काढते. चौघे बोलत असताना पाचव्याच्या वाट्याला आलेले मौन मात्र भिंतीसारखे असते. ते त्याने बांधलेले नसते, आणि दहाव्या दिवशी आपोआप पडतही नाही.

चौथ्या रविवारी सूत्रधाराने काय ठरवून ठेवले होते हे त्याने आम्हाला आजतागायत सांगितलेले नाही. गोष्ट अशी होती: आम्ही चौघे रात्री बेटावर आत शिरून एक लखोटा मिळवला होता. तो उजाडायच्या आत वसईकडच्या छावणीत पोहोचायला हवा होता. मागे पोर्तुगीज शिपाई लागले होते. तिवरांत होडी, होडीत ती. आम्ही धावत होतो आणि बारगीर जोरात होता. आणि सूत्रधाराने आम्हाला तसेच धावते ठेवून मान तिच्याकडे वळवली.

"बोटीपाशी कुणीतरी येतंय. एक म्हातारा, त्याची सून, दोन पोरं. गावात आग लागलीय. कुणी लावली ते अंधारात कळत नाही. म्हातारा म्हणतो, आम्हाला पलीकडं सोड. बोटीत पाच माणसं मावतात. काय करतेस?"

ती गप्प.

"नाही म्हण!" बारगीर उसळून म्हणाला. "आपली वेळ नाहीये. त्यांना म्हणावं, लपून बसा."

"थांब," सूत्रधार म्हणाला. "तू अजून अर्ध्या कोसावर आहेस. बोटीपाशी ती एकटी आहे."

वैद्याने काही सांगायला तोंड उघडले. सूत्रधाराने नुसता हात वर केला. मग जी शांतता पसरली ती आमच्या मंडळात तोवर कधी झाली नव्हती. खालचे मशीन थांबले होते. शेजारी कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन. कुणीही तिच्या वतीने लिहीत नव्हते. सूत्रधार तिच्याकडे टक लावून पाहतही नव्हता. तो वहीत काहीतरी खरडत होता, जणू संध्याकाळपर्यंत वेळ आहे.

"मी त्यांना सोडून येते," ती म्हणाली.

"सुकती लागायच्या आत परत यायला वीसच्या फाशावर तेरा किंवा वर हवेत. टाकतेस?"

तिने टाकला. पाच पडले.

"पुन्हा टाकू दे," मुनशी सवयीने म्हणाला. सूत्रधाराने मान हलवली. होडी पलीकडच्या चिखलात बसली. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा समोर नुसता काळा चिखल होता आणि मागे मशाली. बारगिराने आम्हाला तिवरांत ढकलले आणि स्वतः वाट अडवून उभा राहिला. त्याचेही फासे त्या दिवशी फिरले होते. लखोटा गेला, आठ महिन्यांचा बारगीर गेला.

पोहे निवत होते. तो लालबुंद झाला होता. "अगं, पण सगळा डाव लखोट्याचा होता! एका लखोट्यासाठी आपण दोन महिने मरमर केली!"

"जाऊ दे रे," वैद्य समजुतीने म्हणाला, "नवीन आहे ती."

"नवीन आहे म्हणून काय झालं?" तो ओरडला. "बोट तिच्याकडे होती!"

मला वाटते, आमच्या चटईवर तिच्याबद्दल उच्चारले गेलेले ते पहिले आदराचे वाक्य. आम्ही चार रविवार तिला मायेने वागवले होते. तिला पुरते मोजले ते रागावलेल्या माणसाने. त्याच्या लेखी ती आता चुकू शकणारी, नडू शकणारी, जाब विचारण्याजोगी माणूस होती. आणि तिनेही क्षमा मागितली नाही. बशीतला चमचा बाजूला ठेवून ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही वसईला जाणार होता. ती माणसं इथंच राहणार होती."

मग घड्याळ पाहून लाँचसाठी निघून गेली.

ते वाक्य माझ्या मनात बरेच दिवस राहिले. तिच्या गावातले पुष्कळ लोक ईस्ट इंडियन. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, घरात आपली मराठी बोली बोलणारे. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने घेतले १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी. आमच्या गोष्टीत 'आपले' कोण आणि 'फिरंगी' कोण हे पहिल्या पानापासून ठरलेले होते. ती ज्या गावातून येते त्या गावाला दोन्ही बाजूंच्या फौजांनी काय विचारले असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नव्हते. सूत्रधाराच्या आले असेल तर तो बोलला नाही. तिच्या गप्प बसण्यात लाजाळूपणा असेल, 'पानी'वर झालेले हसू असेल. पण कदाचित एवढेही असेल की जी गोष्ट चालली होती तिच्यात तिला बोलायला जागाच नव्हती. बोटीपाशी ती जागा झाली, आणि तिने ती वापरली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. चौघांचा डाव रंगला नाही. मंडळ मोडते की काय असे वाटू लागले, कारण अशी मंडळे भांडणाने मोडत नाहीत, "बघू पुढच्या वेळी"ने मोडतात. ती मात्र आली होती. तिने एकच विचारले, "तो नाय आला?" आणि फाशांची पिशवी आवरून ठेवली.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला, हातात नव्या पात्राचा कागद घेऊन. आता बारगीर नव्हता. त्या म्हाताऱ्याचा मुलगा होता, आगीच्या रात्री गावाबाहेर असलेला. "पुन्हा बारगीर पहिल्यापासून वाढवायचा कंटाळा आला," असे कारण त्याने दिले. आम्ही ते मान्य केले. बसल्या बसल्या त्याने तिला विचारले, "आज सुकती कधी आहे?" आणि तिने सांगितलेली वेळ त्याला गैरसोयीची वाटली म्हणून दोघे वीस मिनिटे भांडली. तो पन्नास वाक्ये बोलला असेल, ती सहा. निकाल तिच्या बाजूने लागला नाही. फाशाने तो कुणाच्याच बाजूने लावला नाही.

ती बदलली का, असे मला कुणी विचारले तर नाही असेच म्हणेन. आजही ती दुपारभरात दहापंधरा वाक्यांपलीकडे जात नाही. वर्गात हजेरीच देते. एखाद्या कमी बोलणाऱ्याला बोलते केले म्हणजे आपण त्याला सामावून घेतले, अशी आपल्या शिबिरांतून आणि गॅदरिंगच्या कमिट्यांतून एक समजूत असते. माइक हातात द्यायचा, "बोल, बोल, घाबरू नकोस" म्हणायचे, त्याने दोन वाक्ये चाचरत म्हटली की टाळ्या. त्या टाळ्या मला कच्च्या लिंबाच्याच वाटतात. बदलले असेल तर आमचे बसणे बदलले आहे. तिची पाळी येते, ती फासा बोटांत फिरवत राहते, आणि चार बोलकी माणसे गप्प बसतात. ते गप्प बसणे सौजन्याचे नाही. ती काय ठरवते यावर आमचे काय होणार हे अवलंबून आहे, म्हणून आम्ही श्वास रोखून असतो.

आपल्या वर्गांतही असे कितीतरी जण आहेत, तीन वर्षांत ज्यांचा आवाज आपण 'हजर'पलीकडे ऐकलेला नसतो. सहलीत, एकांकिकेत, भित्तिपत्रकाच्या कामात आपण त्यांना घेतोच. वाईट वागत नाही कुणी. पडद्याची दोरी देतो, चहाचे पैसे गोळा करायला सांगतो, आणि ते चुकले तरी बिघडणार नाही अशी काळजी घेतो. ती काळजी थोडी कमी करून पाहायला हवी. ज्याच्या चुकीने आपला डाव जाऊ शकतो असे एखादे काम त्याच्या हाती द्यावे, आणि मग त्याच्या वतीने बोलू नये.

लहानपणी राज्य आले की आम्ही तोंड वाकडे करीत असू. परंतु ज्याच्यावर कधीच आले नाही, त्याला विचारले तर तो सांगेल की त्याला ते हवे होते.